उलार गाडी आणि वीस ग्रॅमचा पासंग

“मामा, उजवीकडे वळताना ही गरकन फिरते आणि डावीकडे वळायचं नावच घेत नाही. मागे चाळीस ग्रॅम लावले, तरी तेच.”

असं म्हणत भाच्याने त्याची रिमोटवर पळणारी छोटी गाडी माझ्या काउंटरवर ठेवली, तेव्हा समोर एका किराणा दुकानाचा काटा उघडून पडला होता. भवानी पेठेत माझं काटे दुरुस्तीचं काम आहे. मार्केट यार्डातले प्लॅटफॉर्म काटे, वाण्यांचे काउंटर काटे, सराफांचे मिलिग्रॅमवाले, सगळे हाताखालून जातात. काटा दुरुस्त झाला की वैधमापन खात्याच्या शिक्क्याला नेण्याआधी एक चाचणी ठरलेली असते. तेच वजन आधी ताटलीच्या मध्यावर आणि मग चारही कोपऱ्यांवर ठेवून बघायचं. मध्यावर बरोबर पण कोपऱ्यावर चुकणारा काटा शिक्क्याला नेता येत नाही. भाच्याची तक्रार ऐकताना तीच चाचणी डोक्यात आली. विचारलं, “कुठल्या चाकावर किती वजन पडतंय ते बघितलंस का?” त्याने गाडीचं एकूण वजन केलं होतं, चाकांचं वेगवेगळं केलं नव्हतं.

पुढच्या तीन रविवारांत जे मोजलं आणि जे निघालं ते आकड्यांसकट लिहितो आहे. पुण्यात अशा गाड्या पळवणारी पोरं आता बरीच आहेत, आणि वळणावर गाडी घसरून सुटायला लागली की ‘मागे वजन टाक’ हा सल्ला त्यांच्यात फार सहज दिला जातो.

गाडी आणि मैदान

गाडी १:१० मापाची, म्हणजे खऱ्या गाडीच्या दहाव्या हिश्शाची, रस्त्यावर पळणारी टूरिंग प्रकारची, चारही चाकं ओढणारी. बाहेरून बाहेर रुंदी १९० मिमी, पुढच्या-मागच्या आखांमधलं अंतर २५७ मिमी. टायर रबरी, २६ मिमी रुंद, म्हणजे डाव्या टायरच्या मध्यापासून उजव्या टायरच्या मध्यापर्यंत १६४ मिमी. दोन सेलची ७.४ व्होल्टची लिपो बॅटरी डाव्या बाजूला, वजन २९० ग्रॅम. मोटर, तिचा वेग सांभाळणारा ईएससी आणि पुढची चाकं वळवणारा सर्व्हो उजव्या बाजूला. बॉडी शेलसकट गाडीचं मूळ वजन १४१२ ग्रॅम.

पळवायची जागा भोसरीच्या एका बंद शेडसमोरचं काँक्रीटचं अंगण. पाण्याचे जुने पाइप टाकून आखलेला ट्रॅक, साधारण ७० मीटरचा एक फेरा, तीन उजवी वळणं आणि दोन डावी. काँक्रीटवर बारीक धूळ कायम असते. सकाळी झाडून घेतलं तरी गाड्या जातात तेवढी रेघच स्वच्छ राहते.

वजनाकडे जाण्याआधी सोपी कारणं बाद करून घेतली. स्टिअरिंग दोन्हीकडे सारखं वळतं का, ते कागदावर चाकाच्या रेघा मारून कोनमापकाने बघितलं. अर्ध्या अंशापेक्षा जास्त फरक नव्हता. डावे टायर उजवीकडे आणि उजवे डावीकडे घालून गाडी पळवली. तक्रार जागची हलली नाही. म्हणजे दोष टायरचा नव्हता. डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे डिफरन्शियल मोकळे फिरत होते. कॅम्बर, म्हणजे चाकांचा आत-बाहेर कल, दोन्ही बाजूंना सारखा होता.

चाळीस ग्रॅम

भाच्याने मागे लावलेलं वजन म्हणजे टायरच्या दुकानात चाकं बॅलन्स करताना रिमला चिकटवतात त्या ५-५ ग्रॅमच्या पट्ट्या. नाना पेठेत सहज मिळतात. आठ पट्ट्या, आणि त्या चिकटवल्या होत्या मागच्या बंपरच्या आतल्या बाजूला, मागच्या आखापासून ६० मिमी मागे. सल्ला देणारा मित्र बगी पळवतो, म्हणजे मातीवर पळणारी रिमोटची गाडी. त्याचा सल्ला त्याच्या गाडीपुरता खोटा नव्हता. त्याच्याकडे शेवटी येतो.

बैलगाडीत पोती भरणाऱ्याला जे ठाऊक असतं तेच इथे झालं. आखाच्या मागे माल जास्त गेला की गाडी उलार होते, जू वर उचलायला लागतं आणि बैलाच्या मानेवरचा भार जातो. मागच्या आखाच्या ६० मिमी मागे ४० ग्रॅम ठेवले की मागच्या चाकांवर ४० नाही, ४९ ग्रॅम वाढतात. हिशोब तरफेचा: ४० गुणिले (२५७ + ६०), भागिले २५७. वरचे ९ ग्रॅम आले पुढच्या चाकांवरून. म्हणजे जी गाडी डावीकडे वळताना आधीच नाक बाहेर काढत होती, तिच्या पुढच्या चाकांवरचा भार आणखी कमी झाला.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे आणि ती काट्यावर दिसत नाही. गाडीला वळताना स्वतःभोवती फिरावं लागतं, आणि फिरताना वजन किती जड आहे याच्याइतकंच ते मध्यापासून किती लांब आहे हे मोजलं जातं. तेही अंतराच्या वर्गाने. या गाडीचा गुरुत्वमध्य मागच्या आखाच्या १२१ मिमी पुढे आहे. म्हणजे त्या पट्ट्या मध्यापासून १८१ मिमी लांब होत्या. गाडीचं वजन जेमतेम तीन टक्क्यांनी वाढलं, पण तिला फिरवायला लागणारा आणि फिरणं थांबवायला लागणारा जोर, माझ्या अंदाजाने, आठ-नऊ टक्क्यांनी वाढला. मागचं टोक सुटायला थोडा उशीर लागायचा, पण एकदा सुटलं की लंबकासारखं जायचं. भाचा म्हणत होता, “आधी सावरता यायची, आता नाही येत.” त्याच्या बोटांना जे कळत होतं ते बरोबर होतं.

चार काटे एका काचेवर

स्वयंपाकघरातले ५ किलो क्षमतेचे, १ ग्रॅम लघुतम मापाचे चार सारखे काटे घेतले. आधी त्यांचीच तपासणी केली. माझ्याकडची २०० आणि ५०० ग्रॅमची प्रमाणित वजनं प्रत्येकावर मध्यावर आणि कडेला ठेवून बघितली. तीन काटे एका ग्रॅमच्या आत निघाले. चौथा ५०० ला ५०३ दाखवत होता. त्याच्यावर चिठ्ठी लावली आणि त्या प्रमाणात वजावट केली. नवीन काटा बरोबरच असणार असं धरून चालणं मला जमत नाही, आणि कुणी चालूही नये.

काटे १२ मिमी जाडीच्या काचेवर ठेवले आणि काच लेव्हल बाटलीने दोन्ही दिशांना सपाट केली. हे काम कंटाळवाणं आहे, पण सगळं यावरच अवलंबून आहे. चार पायांचं टेबल फरशीवर डुगडुगतं तेव्हा एका पायाखाली कागदाची घडी घातली की भार लगेच दुसऱ्या तिरक्या जोडीवर जातो. गाडीचंही तसंच असतं. मुद्दाम करून बघितलं: एका चाकाखाली १ मिमीची पट्टी सरकवली तर चारही काट्यांवरचे आकडे ३० ग्रॅमच्या आसपास हलले, दोन वर आणि दोन खाली. म्हणजे काट्यांची उंची मिलिमीटरभर चुकली तर गाडीत नसलेला दोष दिसेल, किंवा असलेला लपेल.

आणखी एक अडचण आली. गाडी काट्यावर ठेवली की टायर ताटलीला चिकटून धरतात, सस्पेन्शन मोकळं बसत नाही आणि दर वेळी वेगळा आकडा येतो. प्रत्येक चाकाखाली बटर पेपरचे दोन तुकडे आणि त्यांच्यामध्ये चिमूटभर टाल्कम पावडर घातली. मग गाडी तळहाताने हळू दाबून सोडली की चाकं आपोआप आपल्या जागी सरकत. पाच वेळा दाबायचं, पाच वेळा वाचायचं, सरासरी घ्यायची. तरी ३-४ ग्रॅमचा खेळ राहतोच. त्याच्या आतल्या फरकावर मी काहीही ठरवलं नाही.

पट्ट्या लावलेल्या असताना आकडे असे आले:

पुढचं डावं २९१, पुढचं उजवं ३६४
मागचं डावं ४२१, मागचं उजवं ३७६
एकूण १४५२

पट्ट्या काढल्यावर:

पुढचं डावं २९६, पुढचं उजवं ३६८
मागचं डावं ३९६, मागचं उजवं ३५२
एकूण १४१२

डावी बाजू ६९२, उजवी ७२०. फरक २८ ग्रॅमचा, फार मोठा नाही. पण तिरकी बेरीज करा. पुढचं उजवं आणि मागचं डावं मिळून ७६४. पुढचं डावं आणि मागचं उजवं मिळून ६४८. सारख्या दिसणाऱ्या गाडीत ११६ ग्रॅम एका तिरक्या जोडीवर जास्त बसले होते. मागे लावलेल्या चाळीस ग्रॅमनी यात काडीचा फरक पाडला नव्हता. ते असताना हा फरक ११८ होता.

डावं वळण वेगळं, उजवं वेगळं

इथे रबराचा एक स्वभाव समजून घ्यावा लागतो. रबरावर भार वाढवला की पकड वाढते, पण त्याच प्रमाणात नाही. हे ऐकून पटण्यातलं नाही, म्हणून करून बघितलं. चार जुनी चाकं लाकडी ठोकळ्याला घट्ट बसवून, ती फिरणार नाहीत अशी करून, त्या अंगणातल्या काँक्रीटवर ताणकाट्याने ओढली. दर चाकामागे २०० ग्रॅम भार असताना दर चाकामागे १९० ग्रॅमला सरकायला लागली. ४०० भाराला ३५०, ६०० भाराला ४९०. भार तिप्पट झाला, पकड अडीचपटच झाली.

याचा अर्थ असा की एकाच आखावरच्या दोन चाकांवर ४००-४०० असतील तर दोघं मिळून ७०० धरतात. तेच ८०० ग्रॅम २०० आणि ६०० असे वाटले गेले तर १९० अधिक ४९०, म्हणजे ६८० धरतात. वजन तेवढंच, पकड वीस ग्रॅमने कमी. हा फरक किरकोळ वाटेल, पण वळणावर पुढचं टोक आधी सुटतं की मागचं, हे एवढ्याशा फरकावरच ठरतं.

वळताना आतल्या चाकांवरचा भार बाहेरच्या चाकांवर जातो. किती जातो, ते गुरुत्वमध्य किती उंच आहे त्यावर ठरतं. ती उंची काढायला घरातला पाट घेतला. शॉकमध्ये, म्हणजे स्प्रिंगवाल्या धक्काशोषकांत, प्लास्टिकचे तुकडे घालून सस्पेन्शन अडवलं, पाटाच्या कडेला चाकं अडकतील अशी पट्टी ठोकली, गाडी आडवी ठेवली आणि पाट एका बाजूने उचलत नेला. कोन मोबाईलवर वाचला. गाडी तोल जाऊन उलटायला लागली ७० अंशांना. टायरची बाहेरची कड मध्यापासून ९५ मिमीवर आहे. त्यावरून उंची साधारण ३५ मिमी. वळणावरचा जोर गाडीच्या वजनाएवढा धरला तर आतून बाहेर जाणारा भार १४१२ गुणिले ३५ भागिले १६४, म्हणजे ३०० ग्रॅम. पुढे-मागे निम्मा-निम्मा धरू, दीडशे-दीडशे.

आता डावं वळण घ्या. पुढच्या आखावर डावं १४६, उजवं ५१८: फरक ३७२. मागच्या आखावर डावं २४६, उजवं ५०२: फरक २५६. पुढची जोडी जास्त विषम, म्हणून पुढची पकड आधी संपते. गाडी नाक बाहेर काढते, ज्याला पोरं ‘पुश करते’ म्हणतात.

उजवं वळण: पुढे डावं ४४६, उजवं २१८, फरक २२८. मागे डावं ५४६, उजवं २०२, फरक ३४४. आता मागची जोडी विषम. मागचं टोक सुटतं, गाडी गरकन फिरते. एकच पीळ, म्हणजे एका तिरक्या जोडीवरचा जादा भार, आणि दोन उलट्या तक्रारी. भाच्याला वाटत होतं की गाडीत दोन दोष आहेत आणि एकावर केलेला उपाय दुसऱ्याला बिघडवतो आहे. कागदावरचे हे आठ आकडे बघून तो बराच वेळ गप्प बसला.

पीळ कुठून आला

चॅसी सरळ असली, चारही कोपरे सारखे असले, तर असा तिरका भार येऊ शकत नाही. कुठेतरी पीळ होता. तो शोधायला एका वेळी एकच गोष्ट हलवायची आणि प्रत्येक वेळी परत वजन करायचं, एवढाच नियम पाळला.

पहिला संशय वरच्या पट्टीवर, अपर डेकवर. महिनाभरापूर्वी गाडी कठड्याला जोरात धडकली होती आणि भाच्याने तेव्हा स्क्रू जागेवरच आवळले होते, गाडी हातात धरून. पट्टीचे सगळे स्क्रू सैल केले, चॅसी काचेवर सपाट ठेवली, मध्यावर हाताने दाबून धरली आणि स्क्रू तिरक्या क्रमाने, थोडे थोडे करत आवळले. शेवटचा स्क्रू सैल होताना ‘टक’ असा बारीक आवाज आला, अडकवून ठेवलेली पट्टी सुटल्यासारखा. नंतरचं वजन: पुढे ३०८ आणि ३५६, मागे ३८४ आणि ३६४. तिरका फरक ११६ वरून ६८ वर आला.

दुसरा संशय मागच्या अँटी-रोल बारवर, म्हणजे मागच्या दोन्ही चाकांना जोडून वळणावर गाडी कलू न देणाऱ्या सळईवर. त्याच्या दोन्ही टोकांचे दुवे काढले आणि पुन्हा वजन केलं: ३१८, ३४६, ३७४, ३७४. फरक २८. काढलेले दुवे शेजारी शेजारी ठेवले तर एक दुसऱ्यापेक्षा स्पष्ट लांब होता. लांबी सारखी केल्याशिवाय बार परत लावला असता तर गाडी उभी असतानाच तो एका चाकाला खाली ढकलत राहिला असता. दोन्ही दुवे कॅलिपरने सारखे करून लावले. आकडे जागचे हलले नाहीत.

उरलेला २८ चा फरक मागच्या डाव्या शॉकच्या कॉलरचा, म्हणजे स्प्रिंग दाबून धरणाऱ्या कड्याचा होता. ती पाव आटा सैल केल्यावर निघाला. पण तो आधी काढला नाही, कारण डावी-उजवी बाजू अजून सारखी व्हायची होती आणि तिथे हात लावला की हे आकडे परत हलणार होते. क्रम चुकला की माणूस गोल गोल फिरतो. मी सुरुवातीलाच कॉलर फिरवून चारही आकडे सुंदर जुळवले असते. मग चॅसीतला पीळ तसाच राहिला असता, फक्त स्प्रिंगच्या उलट्या पिळाखाली लपला असता. उभी गाडी काट्यावर बरोबर दिसली असती आणि पळताना पुन्हा तीच तक्रार आली असती. काट्याच्या धंद्यातही असं करणारे आहेत: आतला दोष तसाच ठेवून शून्य जुळवून देणारे.

पासंग

तराजूच्या हलक्या पारड्याला लावतात तो पासंग. तो लावायचा तो तराजूच्या बाकी सगळ्या खोडी काढून झाल्यावर.

उजवी बाजू २८ ग्रॅमने जड होती. आधी असलेलंच वजन सरकवून किती साधतं ते बघितलं. बॅटरीच्या बाहेरच्या बाजूला ३ मिमीचा फोम होता. तो काढून बॅटरी ३ मिमी बाहेर सरकवली. २९० ग्रॅमची वस्तू ३ मिमी सरकली की डावीकडे ५ ग्रॅम जास्त जातात, उजवीकडून तेवढे कमी होतात. ईएससी आणि रिसीव्हरला सरकायला जागा नव्हती. मग आठ पट्ट्यांपैकी चार, म्हणजे २० ग्रॅम, चॅसीच्या डाव्या कडेला, मध्यरेषेपासून ५० मिमीवर, बॅटरीशेजारी, अगदी तळाशी चिकटवल्या. आखांच्या दृष्टीने मधोमध.

मागे असताना त्या चाळीस ग्रॅमनी गाडीचं फिरणं जेवढं जड केलं होतं, त्याच्या साधारण सव्विसाव्या हिश्शाएवढंच या वीस ग्रॅमनी केलं, कारण वजन निम्मं आहे आणि अंतराचा वर्ग इथे ५० चा आहे आणि तिथे १८१ चा होता. शिवाय पट्ट्या जमिनीलगत आहेत, त्यामुळे गुरुत्वमध्य वर न जाता किंचित खालीच आला.

मग कॉलर पाव आटा. शेवटचे आकडे:

पुढचं डावं ३३६, पुढचं उजवं ३३८
मागचं डावं ३७७, मागचं उजवं ३८१
एकूण १४३२

डावी बाजू ७१३, उजवी ७१९. तिरक्या जोड्या ७१५ आणि ७१७. पुढे-मागे वाटणी ४७ आणि ५३ टक्के, म्हणजे मूळ गाडीत होती तीच. ती बदलण्याचं काही कारणच नव्हतं.

हे वीस ग्रॅमही फुकटचे नाहीत. गाडी जितकी जड, तितका तिला वळवायला, थांबवायला, पळवायला जास्त जोर लागतो, आणि रबर तेवढ्या प्रमाणात साथ देत नाही. मोठ्या गाड्यांच्या शर्यतींत वजन ही शिक्षा म्हणून वापरतात. ब्रिटिश टूरिंग कार शर्यतींत बरीच वर्षं जिंकणाऱ्याच्या गाडीत पुढच्या फेरीसाठी वजन भरत. २०२२ मध्ये हायब्रिड गाड्या आल्यावर ती पद्धत बंद झाली. वजनाने पकड वाढून गाडी वेगात गेली असती तर कुणी ते शिक्षा म्हणून भरलं नसतं. पंखाने येणारा हवेचा दाब वेगळा. तो चाकं दाबतो पण गाडीचं ओझं वाढवत नाही. आमच्या अंगणातल्या वेगाला मात्र त्याचा फारसा उपयोग नाही.

मैदानावर परत

तिसऱ्या रविवारी सकाळी, तेच टायर, भरलेली बॅटरी, दहा-दहा फेरे, मोबाईलच्या स्टॉपवॉचवर. पट्ट्या नसलेली मूळ गाडी दहा फेऱ्यांत तीनदा फिरली होती आणि चांगल्या फेऱ्यांची सरासरी १४.४ सेकंद होती. मागे चाळीस ग्रॅम असताना दोनदा फिरली, पण सरासरी १४.७. आता एकदाही फिरली नाही, सरासरी १३.९. यातला अर्धा सेकंद सगळा गाडीचा आहे असं मी म्हणणार नाही. गाडी दोन्हीकडे सारखी वागते हे कळल्यावर भाच्याने थ्रॉटल आधी दाबायला सुरुवात केली, आणि त्यातही वेळ वाचतो. पण उजव्या वळणातून बाहेर पडताना त्याचा अंगठा आधी घाबरून मागे यायचा, तो आता येत नव्हता. ते मी बाजूला उभा राहून बघत होतो.

दर वेळी चार काटे आणि काच नेणं शक्य नाही. म्हणून तो आता पळवण्याआधी पट्टीच्या धारेने गाडीचं नाक बरोबर मध्यावर उचलून बघतो. दोन्ही पुढची चाकं एकाच क्षणी जमीन सोडायला हवीत. मग तेच मागून. एक चाक आधी उठलं की त्या दिवशी आधी एलन की (स्क्रूची किल्ली), मग रिमोट. चौथ्या रविवारी दुसऱ्याच एका गाडीची धडक बसली आणि डावं चाक आधी उठलं. अपर डेकचे स्क्रू काचेवर परत आवळून घ्यावे लागले.

बगीवाला मित्रही त्या दिवशी आला होता. त्याचं म्हणणं होतं की त्याच्या गाडीत मागचं वजन नक्की उपयोगी पडतं, मग माझा हिशोब खोटा की त्याचा अनुभव? बगी काट्यांवर ठेवली. १५८० ग्रॅम, पैकी मागच्या चाकांवर ९६४, म्हणजे ६१ टक्के. मोटर मागच्या आखाच्याही मागे. ओढणारी चाकं फक्त मागची, आणि पळवायची जागा मुरमाची, भुसभुशीत. अशा जमिनीवर थ्रॉटल दिला की चाकं जागेवरच फिरतात; तिथे ओढणाऱ्या चाकांवर भार हवाच, मग वळणावर थोडं नुकसान झालं तरी चालतं. जिथे कार्पेटसारखी भरपूर पकड असलेले ट्रॅक आहेत तिथे बगीतही मोटर आखाच्या पुढे आणतात, कारण तिथे ओढायला पकड पुरते आणि वळायला हलकं शेपूट लागतं. भाच्याची गाडी चारही चाकांनी ओढते आणि काँक्रीटवर पळते. सल्ला एका गाडीतून दुसऱ्या गाडीत आला होता, जमीन मात्र सोबत आली नव्हती.

त्याच्या बगीच्या मागे ३० ग्रॅमची पितळी पट्टी होती. खात्रीसाठी ती काढून शेडमागच्या मुरमावर बगी पळवली. पहिल्याच वळणातून बाहेर पडताना मागची चाकं नुसती माती उडवत राहिली. दोन फेरे झाल्यावर पट्टी मी स्वतः परत लावून दिली, आणि मग तिचे चार कोपरे बघायला बसलो. तिथेही ४४ ग्रॅमचा पीळ होता.